एक वाटी म्हणजे एकशे साठ ग्रॅम

मुलुंड पूर्वेला 'नवकिरण' सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर कुंदा उकिडवे राहायच्या. आपण ज्याच्याशी बरोबरीनं बोलावं असा या तीन मजल्यांत एकही माणूस नाही, हे त्यांनी राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं, आणि ते मत बदलावं असं त्यानंतर कोणी काही केलं नव्हतं. नवऱ्यालाही त्या या इतरांतच धरायच्या.

कुंदाबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. ठाण्याच्या एका मास्तरांची मुलगी, भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. पुढे एम.एस्सी. करायचं मनात होतं, पण स्थळ चालून आलं, वडिलांना घाई होती, आणि मुलगा विमा कंपनीत कायम. लग्नानंतर महिन्याभरातच त्यांच्या लक्षात आलं, की एका कागदावरचा आकडा दुसऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवायचा, याखेरीज श्यामसुंदर उकिडवे या गृहस्थांना काही येत नाही, आणि यावं असं वाटतही नाही. तेव्हापासून कुंदाबाईंना नाकातून 'हं' असा एक आवाज काढायची सवय लागली. घरातून ती शाळेतही गेली. वर्गात कोणी चुकीचं उत्तर दिलं की बाई रागवायच्या नाहीत, छडी तर त्यांनी कधी हातातच धरली नाही. फक्त 'हं' म्हणायच्या आणि पुढच्या बाकाकडे बघायच्या. मुलींना त्यापेक्षा छडी परवडली असती.

स्वयंपाकाची त्यांना आवड नव्हती. करायचाच तर बिनचूक करावा, एवढंच. एक स्टीलची वाटी, एक चमचा आणि एक पळी, या तीन वस्तूंवर त्यांचं घर चालायचं. पदार्थ उत्तम होई, आणि कोणी तसं म्हटलं की त्यांना त्या माणसाची कीव यायची. दोनास एक प्रमाण पाळलं तर पदार्थ चांगलाच होणार, त्यात कौतुक कसलं?

चौऱ्याऐंशी साली श्यामसुंदरराव निवृत्त झाले आणि दिवसभर घरी दिसू लागले. पहिले काही महिने पेपर, दूध केंद्र, रॉकेलची रांग, सोसायटीची पाण्याची टाकी यांत गेले. मग त्यांना स्वयंपाकघर सापडलं. आयुष्यात कधी चहाचं आधण न ठेवलेला हा माणूस ओट्याशी उभा राहून गॅसची ज्योत किती मोठी असावी यावर बोलू लागला. एक दिवस लोहार चाळीच्या बाजारात जाऊन त्यांनी तबकडीचा काटा असलेला एक प्लॅस्टिकचा तराजू आणला आणि तो ओट्यावर, नेमका पोळपाटाच्या जागेवर, ठेवला.

"हे कशाला?" कुंदाबाईंनी विचारलं.

"शास्त्र," श्यामसुंदरराव म्हणाले.

कुंदाबाईंनी तराजू उचलून फ्रिजवर ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

शास्त्र त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, हे कुंदाबाईंना पक्कं ठाऊक होतं. पलीकडच्या ब्लॉकमधली एक मुलगी अडलेली उदाहरणं घेऊन अधूनमधून त्यांच्याकडे यायची. एका संध्याकाळी तिला घनता समजावताना त्या म्हणाल्या होत्या, की एक घन सेंटीमीटर पाणी घेतलं तर त्याचं वस्तुमान बरोबर एक ग्रॅम भरतं. श्यामसुंदरराव तेव्हा पेपरामागे बसलेले होते. त्यांनी एवढंच वाक्य ऐकलं, आणि ते एवढं आवडलं की पुढचं ऐकायला थांबले नाहीत, उठून गॅलरीत गेले. तेल पाण्यापेक्षा हलकं का आणि पारा जड का, हे त्या मुलीला त्यांच्या पाठीमागे समजलं.

त्या वर्षी सोसायटीच्या महिला मंडळानं दिवाळीच्या फराळाची एक पुस्तिका काढायचं ठरवलं. मंडळाच्या अध्यक्ष तळमजल्यावरच्या जयंती सबनीस. या बाईंना प्रत्येक गोष्टीचा समारंभ करायचा असे. गच्चीवर वडे तळले तरी आधी नारळ फुटायचा. कुंदाबाई मंडळाची वर्गणी द्यायच्या आणि जायच्या नाहीत. जयंतीबाईंनी घरोघर फिरून कृती गोळा केल्या. त्या सगळ्या अर्थातच वाटीत होत्या. मग त्या स्वच्छ अक्षरात उतरवून द्यायला कोणीतरी हवं, म्हणून त्या श्यामसुंदररावांकडे आल्या.

श्यामसुंदररावांनी कागद चाळले आणि खुर्चीत ताठ बसले.

"सबनीसबाई, वाटी हे काय माप झालं? तुमची वाटी वेगळी, आमची वेगळी. वाण्याकडे गेलात तर तो वाटीनं माल देतो का? किलोनं देतो. हे तुम्हा बायकांचं सगळं अंदाजपंचे."

"म्हणजे कसं करायचं म्हणता?"

"सगळं ग्रॅममध्ये करून देतो. एकदम शास्त्रीय. पुस्तक घ्यायचं, थेट वाण्याकडे जायचं, तेवढं तोलून आणायचं, की झालं."

"अय्या, झकास!" जयंतीबाई म्हणाल्या. "कुंदाताई, ऐकलंत का? आपलं पुस्तक शास्त्रीय होणार."

कुंदाबाई आत सहामाहीचे पेपर तपासत होत्या. 'तुम्हा बायकांचं' हे शब्द त्यांनी ऐकले होते. भौतिकशास्त्राची पदवीधर बाई पाच हातांवर बसलेली असताना हा माणूस शास्त्र सांगत होता. त्यांनी पुढचा पेपर ओढला.

दुसऱ्या दिवशी श्यामसुंदररावांनी रिकामी वाटी तोलली, मग पाण्यानं काठोकाठ भरून तोलली. वजाबाकी केली. एकशे साठ आले. त्यांनी पुन्हा केली, पुन्हा एकशे साठ. त्या आकड्यावर खूश होऊन त्यांनी तराजू पुसून ठेवून दिला आणि परत काढला नाही. काढायची गरजच काय होती? वाटी म्हणजे एकशे साठ ग्रॅम, हे सिद्ध झालं होतं. मग ते टेबलाशी बसले, आणि बेसन असो, साखर असो, तूप असो की पोहे, जिथे जिथे 'वाटी' दिसली तिथे तिथे एकशे साठानं गुणत सुटले.

आठवड्यानं, आधी मंडळात फिरवून आणलेला तो गठ्ठा त्यांनी कुंदाबाईंसमोर ठेवला.

"एकदा नजर घाल. तू विज्ञानवाली."

कुंदाबाईंनी लाल पेन बाजूला ठेवलं आणि पहिलं पान बघितलं. चिवडा. पातळ पोहे, आठ वाट्या. पुढे सुंदर अक्षरात लिहिलं होतं : बाराशे ऐंशी ग्रॅम. पातळ पोह्यांच्या आठ वाट्या त्यांच्या अंदाजानं पाव किलोच्याही आतच भरल्या असत्या. त्यांनी पान उलटलं. चकली. दोन वाट्या भाजणीला एक वाटी पाणी. भाजणी तीनशे वीस, पाणी एकशे साठ. भाजणी पाण्याच्या निम्म्याहून थोडी जास्त भरते, हे सातवीतल्या ढ मुलीनंही हातात घेऊन सांगितलं असतं. या पाण्यात ती भाजणी भिजलीही नसती. लाडवांचं तूपही तसंच, बेसनाच्या मानानं निम्म्यावर आलेलं. हसू त्यांच्या घशापर्यंत आलं.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. ते हात मागे बांधून, पास होणाऱ्या मुलासारखे उभे होते.

एका वाक्यात सांगता आलं असतं. पाणी सोडून प्रत्येक जिन्नस वेगळा तोला, एवढंच. पण कुंदाबाईंना एकदम कंटाळा आला. संसारात किती वेळा सांगायचं, आणि कोणाला? मंडळातल्या एकीच्याही लक्षात आलं नाही? जयंती सबनीस इतक्या वर्षांची चिवडा करणारी, तिनं हे बाराशे ऐंशी वाचून नुसतं 'झकास' म्हटलं असणार. हे पुस्तक कोण वापरणार होतं? प्रत्येकीचा हात ठरलेला. पुस्तक ड्रॉवरमध्ये जाईल आणि त्यात गॅसचं कार्ड ठेवलं जाईल. फार तर एखादी वाचील, हसेल, चार जणींना सांगेल, आणि श्यामसुंदर उकिडवे पुन्हा पेपरामागे जातील. ते झालं तर बरंच होतं.

"छान झालंय," कुंदाबाई म्हणाल्या.

"खरंच?"

"अगदी शास्त्रीय."

श्यामसुंदररावांचा चेहरा असा खुलला की कुंदाबाईंना क्षणभर बघवलं नाही. त्यांनी लाल पेन उचललं आणि पुढच्या पेपरातलं चुकलेलं एकक खोडलं.

पुस्तिका सायक्लोस्टाइल होऊन आली. पिवळं मुखपृष्ठ, त्यावर जयंतीबाईंच्या भाचीनं काढलेली पणती. घरात एक प्रत आली, ती कुंदाबाईंनी उघडलीसुद्धा नाही.

*

तिसऱ्या मजल्यावर त्या उन्हाळ्यात एक नवं जोडपं राहायला आलं होतं. नवरा जयवंत राणे, टेलिफोन खात्यात. त्याचे आईवडील कांदिवलीला. वडील गिरणीत होते, संपानंतर घरीच बसलेले. बायको लता. ही लता कुंदाबाईंची विद्यार्थिनी. आई लहानपणीच गेलेली, वडील खानावळीचा डबा आणायचे, त्यावर वाढलेली मुलगी. आता बँकेत चिकटली होती. जिन्यात भेटली की अजूनही भिंतीला चिकटून उभी राहायची आणि 'नमस्कार बाई' म्हणायची. कुंदाबाई मान हलवायच्या. लताचा वर्गातला नंबर त्यांना आठवत नव्हता, म्हणजे तो आठवण्याजोगा नसणार.

लग्नानंतरची पहिली दिवाळी. लताच्या सासूबाई, विमला राणे, फराळाचं सामान घेऊनच कांदिवलीहून येणार होत्या. पण लतानं निरोप धाडला, आई, यंदा फराळ मी करणार, तुम्ही फक्त खायला या. विमलाबाईंनी हे कांदिवलीच्या अख्ख्या चाळीला सांगितलं होतं. कौतुकानं की चेष्टेनं, ते त्यांनाच ठाऊक.

लतानं पुस्तिका पर्समध्ये घातली, बँकेतून येताना कच्छी वाण्याकडे गेली आणि एकेक ओळ वाचून त्याच्याकडून पुड्या बांधून घेतल्या. पोहे तोलताना वाण्यानं विचारलं, "ताई, लगीन आहे का घरी?" ती म्हणाली, "नाही, पुस्तकात एवढेच आहेत." शनिवारी अर्ध्या दिवसानं घरी आली आणि पदर खोचला. पोहे परातीत मावेनात, म्हणून तिनं बादली घेतली. तिला वाटलं, भाजल्यावर आटतील.

रविवारी सकाळी जयंती सबनीस धापा टाकत दुसऱ्या मजल्यावर आल्या.

"कुंदाताई, जरा वर चला हो. राण्यांची सून रडतेय. तिची सासू आलीय. तुमचं पुस्तक घेऊन बसल्यात."

"माझं पुस्तक?"

"म्हणजे आपलं हो. फराळाचं."

श्यामसुंदरराव दूध आणायला गेले होते. कुंदाबाईंनी चप्पल घातली. खरं सांगायचं तर जिना चढताना त्यांना थोडी मजाच वाटत होती. शेवटी एकजण सापडली म्हणायची. आता वर जायचं, वाटी मागायची, चार वाक्यांत सगळ्यांना समजावून द्यायचं आणि खाली येऊन नवऱ्याला सांगायचं. हे संभाषण त्यांनी मनात रचूनही ठेवलं होतं.

राण्यांचं दार उघडंच होतं. आत स्वयंपाकघराच्या जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली होती आणि त्यांवर पांढऱ्याफटक पोह्यांचा वीतभर उंच ढीग होता. त्याच्या एका कडेला हळदीचा पिवळा डाग पडलेला. सगळी फोडणी तेवढ्यातच संपली होती. शेजारी ताटात चकल्या होत्या, म्हणजे चकल्या व्हायला निघालेले तुकडे. सोऱ्यातून बाहेर पडतानाच तुटलेले, आणि कढईत पडले ते तेलात विखरून काळे झालेले. कढईच्या तळाशी गाळ बसला होता. बेसनाचे लाडू वळलेच गेले नव्हते. करपट वासाचं कोरडं पीठ पातेल्यात तसंच होतं, वरून कोणीतरी बोटांनी दाबून पाहिल्याच्या खुणा.

लता भिंतीला टेकून बसली होती. डोळे सुजलेले. विमलाबाई ओट्याशी उभ्या होत्या, नऊवारी नीट खोचलेली, हातात ती पिवळी पुस्तिका.

"बाई, मी सगळं तोलून आणलं होतं," लता म्हणाली. "एक ग्रॅम इकडचा तिकडे केला नाही."

"कळलं मला ते," कुंदाबाई म्हणाल्या. त्यांनी ढिगातले मूठभर पोहे उचलून पाहिले. "अगं, हे एका घरच्या चिवड्याचे पोहे आहेत का? डोळ्यांना दिसत नव्हतं? पुस्तकात काहीही असेल, आपण थोडं डोकं..."

"पण बाई, तुमचं नाव होतं."

"कसलं नाव?"

विमलाबाईंनी पुस्तिका पुढे केली. कुंदाबाईंनी पहिल्यांदाच ती उघडली. आतल्या पानावर, अनुक्रमाच्या वर, त्या ओळखीच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'सर्व प्रमाणे सौ. कुंदा उकिडवे, बी.एस्सी., बी.एड., यांनी शास्त्रीयदृष्ट्या तपासली आहेत.'

त्यांनी ते दोनदा वाचलं.

"पोहे बघून मलाही वाटलं होतं," लता खालच्या आवाजात बोलत होती. "जयवंतही म्हणाले, अगं हे जास्त वाटतंय. मी म्हटलं, बाई कधी चुकत नाहीत. शाळेत कधीच चुकल्या नाहीत."

कुंदाबाईंचे कान तापले. हा सगळा त्या माणसाचा गाढवपणा, आणि त्यानं त्यांचं नाव त्याखाली न विचारता ठोकलं होतं.

"हे पाहा," त्या विमलाबाईंकडे वळून म्हणाल्या, "हा हिशेब आमच्या ह्यांनी केला. पाणी, पोहे, पीठ, सगळं एकाच वजनाचं धरलं. त्यांना त्यातलं काही कळत नाही. माझा ह्यात संबंध नाही."

"तुमी बघलात नाय ह्या?" विमलाबाईंनी विचारलं.

"काय?"

"ह्या कागदार लिवलेला. छापूक देवच्या आधी. तुमचो घोव तुमका दाखवल्याशिवाय तुमचा नाव कसा घालीत?"

कुंदाबाईंना खोटं बोलण्याची सवय नव्हती. खोटं बोलायला समोरच्याची भीती लागते, आणि त्यांना कोणाची कधी वाटली नव्हती.

"पाहिलं होतं," त्या म्हणाल्या.

"मगे चूक दिसली नाय?"

"दिसली."

जयंतीबाई दारात उभ्या होत्या, त्यांच्या तोंडून 'अगंबाई' असं निसटलं. लतानं मान वर केली.

विमलाबाईंनी पुस्तिका मिटली. त्यांचा आवाज चढला नाही.

"दिसली आणि सांगलात नाय. कित्याक?"

कुंदाबाईंनी कारण शोधलं. दारात जयंती, भिंतीशी लता, आणि समोर ही कधी शाळेत न गेलेली बाई. नवऱ्याची फजिती व्हावी म्हणून. तुमच्यापैकी कोणाला समजणार नाही असं वाटलं म्हणून. सांगायचा कंटाळा आला म्हणून. यांतलं एकही वाक्य मोठ्यानं म्हणता येण्यासारखं नव्हतं.

"वाटलं, कोणी वापरणार नाही," त्या म्हणाल्या.

"माझ्या सुनेन वापरल्यान," विमलाबाई म्हणाल्या. "तिका आवस नाय. ती इचारतली कोणाक? तुमच्यासारख्या बाईक. पोर रातभर उभा ऱ्हवान मरला हयसर. नवऱ्यार राग, तर नवऱ्याक बोला. पोरीन तुमचा काय वाकडा केलेला?" मग त्यांनी कुंदाबाईंकडे पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. बाजारात नासकी मासळी दिसल्यावर बाई पुढच्या टोपलीकडे वळते, तशी ती नजर होती. "मास्तरीण म्हणे," त्या म्हणाल्या, आणि लताकडे वळल्या. "उठ गो. मोठी कढई काढ. फोडणी परत करूया. त्यात काय रडाचा? सगळ्या बिल्डिंगीक वाटूया."

कोणी कुंदाबाईंना जा म्हटलं नाही आणि बस म्हटलं नाही. विमलाबाईंनी मिरच्या चिरायला घेतल्या. लतानं डोळे पुसून कढई काढली. कुंदाबाई जिना उतरून खाली आल्या.

*

श्यामसुंदरराव दूध तापत ठेवून गॅसची ज्योत बघत होते.

"तुमच्या पुस्तकानं वरच्या लताच्या फराळाची वाट लागली," कुंदाबाई म्हणाल्या. "वाटी म्हणजे एकशे साठ ग्रॅम, ती पाण्याची. पोह्यांची वाटी पाण्याएवढी जड असते? कधी हातात धरली होती? आणि माझं नाव कोणाला विचारून घातलंत?"

श्यामसुंदररावांनी गॅस बंद केला. त्यांना आधी नीट कळलंच नाही. मग त्यांनी डब्यातले पोहे काढले, वाटीत भरले, तराजू काढून त्यावर ठेवले. काटा जरासा हलला आणि थांबला. त्यांनी ओतून पुन्हा भरले. पुन्हा तेच.

"बापरे," ते म्हणाले. मग पोहे डब्यात परत ओतून म्हणाले, "मी तुला दाखवलं होतं."

"दाखवलं होतं."

"तू म्हणालीस छान झालंय. शास्त्रीय म्हणालीस. म्हणून मी नाव घातलं. मला वाटलं, तुला..." ते अडखळले. "मला वाटलं, तुला बरं वाटेल. तुझं एम.एस्सी. राहिलं ना."

कुंदाबाईंच्या तोंडापर्यंत 'हं' आला. तो बाहेर पडला नाही. हा माणूस मूर्ख होता, याबद्दल त्यांच्या मनात अजूनही शंका नव्हती. पण आपल्याला चूक दिसली होती की नाही, हा प्रश्न त्याला विचारावासा वाटला नाही, तो वरच्या बाईनं विचारला. आणि न विचारताच त्याचं उत्तर नवऱ्याला आता समजलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

श्यामसुंदररावांनी कोट घातला. दिवाळीच्या उन्हात, कोट. ऑफिसात साहेबांपुढे जाताना घालायचे तो. आणि ते तिसऱ्या मजल्यावर गेले. कुंदाबाईंनी दाराआडून ऐकलं. "राणेबाई, चूक माझी आहे. मी पाणी मोजलं आणि बाकी सगळं त्याच मापानं धरलं. पोरीचा दोष नाही." मग ते तळमजल्यापासून सुरू झाले आणि दारोदार तेच वाक्य म्हणत गेले. बायकोचं नाव त्यांनी कुठेच घेतलं नाही. पण जयंती सबनीस त्यांच्या आधीच सगळीकडे जाऊन आल्या होत्या.

दुपारी ते परत आले, कोट खुंटीला लावला आणि ओट्याशी तराजू घेऊन बसले. रवा, मैदा, साखर, भाजणी, डाळं, खोबऱ्याचा कीस. प्रत्येकाची एक वाटी. कुंदाबाई बाहेरच्या खोलीत पेपर हातात धरून होत्या. एकही पेपर पुढे सरकला नव्हता. आतून वाटी ओट्यावर आपटल्याचा आवाज येत होता. ठक, ठक, ठक. त्या उठून आत गेल्या. श्यामसुंदरराव बेसन वाटीत चेपून भरत होते आणि वर अंगठ्यानं दाबत होते.

"चेपून भरू नका. चेपलं तर निम्म्यानं जास्त बसतं," त्या म्हणाल्या. "सैल भरायचं आणि वरून सुरीनं सपाट करायचं."

"सैल म्हणजे किती?"

"सैल म्हणजे सैल! आता त्याचंही माप देऊ?"

श्यामसुंदररावांनी वाटी रिकामी केली आणि सैल भरली. कुंदाबाईंनी सुरी फिरवली. काटा पंच्याहत्तरच्या जरा पुढे थांबला. त्यांनी लिहून घेतलं. पुढची वाटी कुंदाबाईंनी भरली. तासभर दोघं तेवढंच बोलले; 'रवा', 'एकशे दहा', 'पुढचं'.

दुरुस्तीचं एक पान सायक्लोस्टाइल करून दोन दिवसांत घरोघर गेलं. काहींनी ते पुस्तकात चिकटवलं, बऱ्याच जणींनी त्यावर तळणीचे पदार्थ निथळायला ठेवले. मंडळात पुढे कित्येक महिने कुंदाबाईंचं नाव निघालं की बायका एकमेकींकडे बघून गप्प व्हायच्या. कुंदाबाईंनी वर्गणी देणं चालू ठेवलं. आपल्याबद्दल बोलणाऱ्या बायकांविषयी त्यांचं मत पहिल्यापेक्षा जास्त वाईट झालं, आणि त्या बायकांचं बोलणं बरोबर होतं, ही गोष्ट त्यामुळे आणखीनच सहन होईना.

लताच्या घरचं पान मात्र त्यांनी नवऱ्याकडून मागून ठेवलं आणि दिवाळी सरल्यावर स्वतः वर नेऊन दिलं. भाऊबीज झाली होती, विमलाबाई कांदिवलीला परत गेल्या होत्या. लतानं दार उघडलं. आता ती भिंतीला चिकटून उभी राहिली नाही.

"दुरुस्ती आहे," कुंदाबाई म्हणाल्या. "सगळं नीट तोललंय. मी स्वतः."

"ठेवा, बाई," लता म्हणाली. आवाजात राग नव्हता, चांगलं वळण होतं. "पण आता लागणार नाही मला. आईंनी शिकवलं सगळं. त्या मुठीनंच घेतात. पाच मुठी भाजणी, पाणी बोटाच्या पेरापर्यंत. चकल्या मस्त झाल्या, सगळ्यांना दिल्या आम्ही."

त्या 'सगळ्यांना' मध्ये उकिडव्यांचं घर नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

मूठ! मूठ हे काय माप झालं? कोणाची मूठ, केवढी मूठ, घट्ट की सैल? कुंदाबाईंच्या ओठांवर ते सगळं एकदम आलं. लता नम्रपणे थांबली होती, बाईंना आणखी काही बोलायचं असेल तर ऐकून घ्यावं म्हणून. कुंदाबाईंनी पान तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं." मग जिन्याकडे वळल्या. त्या अर्ध्या जिन्यात पोचेपर्यंत वरचं दार लागलं होतं, हळूच, आवाज न करता, मोठ्या माणसाच्या मागे लावावं तसं.